शर्करा आणि आतड्याचा उंबरठा

१

आरोग्यविषयक लेखनातून एक इंग्रजी शब्दप्रयोग गेल्या काही वर्षांत भारतीय भाषांत उतरला आहे. मराठीत त्याचे 'गळके आतडे' असे रूप दिसते. साखर खाल्ली की आतडे गळू लागते, त्या गळतीतून विषारी द्रव्ये रक्तात जातात आणि सांधेदुखीपासून मनाच्या औदासीन्यापर्यंत नाना व्याधी उद्भवतात, असे या शब्दाच्या आधारे सांगितले जाते. या कथनातील काही भाग प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे, काही भाग प्राण्यांपुरता सिद्ध आहे, आणि उरलेला भाग केवळ रूपकाच्या बळावर उभा आहे. हे तीन भाग निरनिराळे करून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवण्याचे प्रयोजन त्या रूपकातच आहे. शास्त्रीय ज्ञान देशी भाषांत येते ते बहुधा रूपकाच्या वाहनात बसून. आणि वाहन कधी कधी प्रवाशाला भलत्याच गावी नेऊन सोडते. गळक्या भांड्याची प्रतिमा स्वीकारली की भांड्याच्या दोनच अवस्था संभवतात: धड आणि फुटके. धड भांड्यातून काहीच जात नाही. फुटके भांडे टाकाऊ ठरते. आतड्याला या दोन्ही अवस्था लागू पडत नाहीत. त्याचे कामच मुळी काही आत घेणे आणि काही बाहेर थोपविणे हे आहे. म्हणून भांड्यापेक्षा उंबरठ्याची प्रतिमा येथे अधिक यथार्थ वाटते. संस्कृत शास्त्रकारांचा देहलीदीपन्याय आपल्या परिचयाचा आहे: उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घरात आणि अंगणात, दोन्हीकडे उजेड पाडतो. शर्करेचा व्यवहार या न्यायाची उलटी बाजू दाखवितो. ती उंबरठ्याला अंगणातून, म्हणजे अन्नमार्गाच्या पोकळीतून भिडते आणि घरातून, म्हणजे रक्तातूनही भिडते. पुढील विवेचनाचा आशय मुख्यतः एवढाच आहे.

२

प्रथम उंबरठ्याची रचना पाहू. पोटात गेलेले अन्न शरीराच्या 'आत' गेले असे आपण व्यवहारात म्हणतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने अन्नमार्गाची पोकळी हा बाहेरच्या जगाचाच शरीरातून गेलेला एक बोगदा आहे. आतड्याच्या अस्तरातून पलीकडे रक्तात पोहोचेपर्यंत अन्न बाहेरच असते. हिरण्यकशिपूच्या कथेत आतही नव्हे आणि बाहेरही नव्हे अशी जागा म्हणून उंबरठ्याची योजना झाली आहे. आतड्याचे अस्तर हे देहातील तसेच स्थान होय. त्याचे क्षेत्रफळ टेनिसच्या मैदानाएवढे असते असे जुन्या पाठ्यपुस्तकांत आढळते. २०१४ साली स्वीडनमधील संशोधकांनी केलेल्या नव्या मोजणीत संपूर्ण अन्नमार्गाचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरले. तरीही ते त्वचेच्या कितीतरी पट आहे.

या अस्तराचे तीन थर कल्पिता येतात. सर्वांत वर श्लेष्म्याचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा थर असतो. मोठ्या आतड्यात त्याचे दोन पदर असून आतला पदर जवळजवळ निर्जंतुक असतो, असे स्वीडनमधीलच एका गटाने २००८ साली उंदरांत दाखविले. त्याखाली पेशींचा थर आहे आणि तो अवघ्या एका पेशीच्या जाडीचा आहे. या पेशी सरासरी ३ ते ५ दिवसांत झडतात व त्यांच्या जागी नव्या येतात. त्याखाली संरक्षक पेशींचा मोठा तळ असतो. सीमा ओलांडून जंतू किंवा त्यांचे अवशेष आलेच तर त्यांचा समाचार घेणे हे त्यांचे काम.

पारगम्यतेचा प्रश्न मुख्यतः मधल्या थराचा आहे. पदार्थाला पलीकडे जाण्याचे दोन मार्ग आहेत: एक पेशीच्या पोटातून, दुसरा दोन पेशींमधील फटीतून. ही फट पूर्वी एखाद्या सिमेंटने बुजविलेली समजली जात असे. १९६३ साली मेरिलिन फार्क्हार आणि जॉर्ज पलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने तेथील सांध्यांचे सविस्तर वर्णन केले; त्यांना आपण दृढसंधी म्हणू. हे सांधे ज्या प्रथिनांनी बनतात त्यांचा शोध पुढे जपानमध्ये शोइचिरो त्सुकिता यांच्या गटाने लावला. १९९३ साली 'ऑक्लुडिन' सापडले, १९९८ साली 'क्लॉडिन'. दोन्ही नावे 'बंद करणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदांवरून आली आहेत. पण क्लॉडिन कुळातील दुसऱ्या क्रमांकाचे प्रथिन सोडियम व पाणी यांना वाट करून देते, असे नंतर निष्पन्न झाले. नाव कुलुपाचे आणि काम खिडकीचे असा हा प्रकार आहे. व्याकरणातील संधीप्रमाणे हाही संधी जोडतो आणि जोडताना बदल घडवितो. तो परिस्थितीनुसार आवळतो आणि सैलावतो. ही त्याची प्रकृती आहे, विकृती नव्हे.

३

आता शर्करेकडे वळू. संस्कृत 'शर्करा' या शब्दाचा मूळ अर्थ खडी, बारीक खडे, असा आहे. पालीतील 'सक्खरा', मराठीतील 'साखर', फारसीतील 'शकर', अरबीतील 'सुक्कर' आणि युरोपीय भाषांतील तत्सम शब्द हा सर्व एकाच शब्दाचा विस्तार होय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांची फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी मालिका दिली आहे. काकवीसारख्या दाट रसापासून दाणेदार साखरेपर्यंतची ही चढती शुद्धी होय. आहारातील साखरेविषयी बोलताना या मालिकेचे स्मरण उपयोगी पडते, कारण आतड्याला पदार्थाच्या नावाशी कर्तव्य नसते. किती साखर, किती वेगाने आणि कोणत्या सोबत्यांसह आली, एवढेच त्याला कळते.

रसायनशास्त्रात शर्करा हे एका मोठ्या कुळाचे नाव आहे. नेहमीची साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. लहान आतड्याच्या पेशींच्या काठावरील विकर ही जोडी फोडते. ग्लुकोज सोडियमच्या संगतीने पेशीत शिरते. हा सहप्रवासाचा सिद्धांत रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडला. फ्रुक्टोजचे दार वेगळे आहे आणि त्याला सोडियमची सोबत लागत नाही. पेशीच्या मागच्या बाजूने रक्तात उतरण्यासाठी दोहोंना जे वाहक प्रथिन उपयोगी पडते त्याला 'ग्लूट-२' अशी संज्ञा आहे. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

४

'साखरेने आतड्याची पारगम्यता वाढते काय?' या प्रश्नाचे पहिले उत्तर अनपेक्षित आहे. होय, वाढते, आणि ते निरोगी पचनातही घडते. १९८७ साली हार्वर्डमधील जॉन पॅपेनहायमर यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवरील प्रयोगांतून असे दाखविले की, ग्लुकोज सोडियमसह पेशीत शिरू लागले की पेशींच्या कडेचे आकुंचनक्षम तंतू आवळतात आणि दृढसंधी किंचित सैल होतात. त्या फटीतून पाणी आत ओढले जाते आणि पाण्याबरोबर विरघळलेले लहान रेणूही जातात. जेवणानंतर आलेला पाहुणचाराचा भार अशा रीतीने दारासह खिडकीतूनही वाटला जातो.

हा खिडकीचा मार्ग माणसात किती महत्त्वाचा आहे याविषयी पुढे बराच वाद झाला, आणि मनुष्याच्या बाबतीत त्याचा वाटा थोडा असावा असे मत बळावले. परंतु पक्षी आणि वटवाघळे यांच्यात तो मोठा असतो, हे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात दिसून आले. उडणाऱ्या प्राण्याला जड आतडे परवडत नाही. आतडे आखूड, म्हणून फट अधिक उपयोगाची. फलाहारी वटवाघळाला कोणी 'गळक्या आतड्याचा रोगी' म्हणणार नाही.

ग्लुकोज, सोडियम आणि पाणी यांच्या या सहप्रवासाचा सर्वांत मोठा मानवी उपयोग भारताच्या भूमीवर झाला. १९७१ च्या बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून देण्याचा द्राव संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून तोंडाने पाजण्याची व्यवस्था केली. त्यांच्या देखरेखीखालील रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. येथे साखर हा प्राण वाचविणारा पदार्थ आहे. मात्र तिचे मोजमाप सांभाळावे लागते. साखर अधिक झाली तर ती आतड्याच्या पोकळीतच पाणी ओढून धरते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली या मिश्रणातील ग्लुकोज लिटरमागे २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणले. एकाच शर्करेचे दोन परिणाम आणि त्यांच्यामध्ये साडेसहा ग्रॅमचे अंतर.

५

शर्करेची आणखी एक भूमिका सामान्य वाचकाला क्वचितच सांगितली जाते: उंबरठ्याची पारगम्यता मोजण्याची फूटपट्टीही शर्कराच आहे. १९७० नंतरच्या दशकात इयान मेंझीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत विकसित केली. दूध तापविल्यावर अल्प प्रमाणात तयार होणारी लॅक्ट्युलोज ही जोडशर्करा माणसाला पचत नाही. तिचा रेणू मोठा असल्यामुळे निरोगी अस्तरातून ती फारच थोडी जाते. मॅनिटॉल हा शर्करेचा लहान भाऊबंद मात्र सहज जातो. दोन्ही एकत्र पाजून पुढील काही तासांची लघवी गोळा करतात आणि तीत दोहोंचे प्रमाण तपासतात. लॅक्ट्युलोजचा वाटा वाढलेला दिसला तर उंबरठा सैलावला असे अनुमान निघते. मूत्रपिंडाची क्षमता किंवा जठर रिकामे होण्याचा वेग यांसारख्या गोष्टी दोन्ही पदार्थांवर सारख्याच परिणाम करतात. म्हणून एकाच पदार्थाऐवजी दोहोंचे गुणोत्तर पाहिले जाते.

या पद्धतीने गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णांत आणि क्रोन या आतड्याच्या दीर्घ दाहाच्या रोगात पारगम्यता वाढलेली आढळली. १९८६ साली क्रोनच्या रुग्णांच्या निरोगी नातलगांतही ती वाढलेली दिसली, आणि त्यामुळे ती रोगाचे कारण आहे की परिणाम, हा प्रश्न उपस्थित झाला. तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

६

आता अंगणाकडून येणारा परिणाम पाहू. येथे फ्रुक्टोजचा संबंध विशेष आहे. २०१८ साली प्रिन्स्टन येथील संशोधकांनी उंदरांत दाखविले की, अल्प प्रमाणातील फ्रुक्टोज लहान आतडे स्वतःच ग्लुकोज व इतर द्रव्यांत रूपांतरित करून टाकते. यकृताला त्याचा उपद्रव होत नाही. मात्रा वाढली, शरीराच्या किलोमागे १ ग्रॅम किंवा अधिक झाली, की ही शक्ती अपुरी पडते आणि उरलेले फ्रुक्टोज यकृताकडे व मोठ्या आतड्यातील जंतूंकडे जाते. भरल्या पोटी आलेले फ्रुक्टोज आतडे अधिक चांगले हाताळते, असेही त्यांना आढळले. उपाशीपोटी घेतलेले गोड पेय आणि जेवणासोबत खाल्लेले फळ यांत शर्करेचे वजन सारखे असले तरी आतड्याच्या दृष्टीने फरक का पडावा, याचा एक संभाव्य अर्थ यातून कळतो.

२०२० साली कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल कॅरिन यांच्या गटाने पुढची कडी जोडली. दीर्घकाळ भरपूर फ्रुक्टोज दिलेल्या उंदरांत दृढसंधींची प्रथिने घटली, जंतूंच्या बाह्य कवचातील अंतर्विष यकृतापर्यंत पोहोचले, तेथील संरक्षक पेशी चेतावल्या आणि यकृतात मेद साठू लागला. उंबरठा पुन्हा दृढ करणारे प्रथिन आतड्यात वाढविले तेव्हा फ्रुक्टोज खाऊनही यकृत बरेच सुरक्षित राहिले. सीमेची शिथिलता ही केवळ साक्षीदार नसून या साखळीतील एक कार्यकारी दुवा आहे, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच वर्षी टेक्सासमधील एका प्रयोगात पाण्यातून १० टक्के साखर दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात श्लेष्मा खाणाऱ्या जंतूंची संख्या वाढली, श्लेष्म्याचा थर झिजला आणि पुढे आतड्याचा दाह निर्माण केला असता तो अधिक तीव्र झाला. साखरेने येथे पेशींना थेट धक्का दिलेला नाही. अंगणातील रहिवासी बदलून उंबरठ्यावरचा लेप खरवडविला. अन्नातील चोथा काढून घेतला तरी जंतू श्लेष्म्याकडेच वळतात, हे २०१६ सालच्या दुसऱ्या प्रयोगांतून पुढे आले होते. मत्स्यंडिकेपासून शर्करेकडे आणि अखंड फळापासून गाळलेल्या रसाकडे जाताना साखर वाढते आणि चोथा घटतो. हानीची दोन्ही कारणे अशी एकाच पेल्यात येतात.

७

घराकडून येणारा परिणाम २०१८ साली स्पष्ट झाला. इस्रायलमधील वाइझमन संस्थेत एरान एलिनाव यांच्या गटाला लठ्ठ उंदरांची आतडी पारगम्य झालेली दिसत होती. कारण लठ्ठपणा की रक्तातील वाढलेले ग्लुकोज, हा प्रश्न होता. उंदीर लठ्ठ नसूनही मधुमेही असले तर त्यांचा उंबरठा ढासळत होता. रक्तातील ग्लुकोज 'ग्लूट-२' या मागच्या दाराने आतड्याच्या पेशीत शिरून तेथील जनुकांचे कार्य बदलीत होते आणि दृढसंधी शिथिल करीत होते. आतड्याच्या पेशींतून हे वाहक प्रथिन काढून टाकले किंवा रक्तशर्करेवर उपचार केले, तर सीमा पूर्ववत होत होती. माणसांतही दीर्घकालीन रक्तशर्करेचा निर्देशक जितका अधिक, तितके रक्तातील जंतुजन्य अवशेष अधिक, असा सहसंबंध या गटाला आढळला.

भारताच्या दृष्टीने या निष्कर्षाचे मोल मोठे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहभागाने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला आहे. ज्याचे ग्लुकोज रक्तात सतत चढलेले आहे, त्याच्या उंबरठ्यावर ताटातील साखरेइतकाच, कदाचित अधिक, ताण घरातून येत असण्याचा संभव आहे. 'गळके आतडे' या शब्दाने हा माणूस चूर्णे आणि महागड्या चाचण्यांच्या शोधात निघतो. आणि रक्तशर्करा आटोक्यात ठेवण्याचा प्रत्यक्ष हाताशी असलेला उपाय मागे राहतो. रूपकाची किंमत ही अशी मोजावी लागते.

८

येथवर सांगितलेले बहुतेक पुरावे उंदरांचे आहेत, हे विसरता कामा नये. माणसांवरील नियंत्रित प्रयोग थोडे आहेत आणि त्यांचा सूर संयत आहे. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ प्रौढांना पाळीपाळीने ८ दिवस फ्रुक्टोज, ग्लुकोज किंवा मक्यापासून केलेला फ्रुक्टोजयुक्त पाक यांनी गोड केलेली पेये भरपूर प्रमाणात दिली. दाहाची चिन्हे किंवा आतड्याची पारगम्यता यांत या तिन्ही शर्करांमध्ये फरक आढळला नाही. आठ दिवसांचा काळ थोडा आहे, हे खरे. तरी एका सणाच्या पंगतीने आतडे फुटत नाही, असे मानावयास हरकत नाही. प्रश्न रोजच्या सवयीचा आणि वर्षानुवर्षांच्या बेरजेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची आणि मध, रस इत्यादींतील मोकळ्या शर्करेची मर्यादा एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली आणि ५ टक्क्यांखाली, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत, राहिल्यास अधिक बरे असे सुचविले. या शिफारशीचा आधार दंतक्षय आणि शरीराचे वजन हा आहे, पारगम्यता नव्हे. परंतु ती पाळणाऱ्याच्या आतड्यालाही बहुधा लाभच होईल.

९

अखेरीस परिभाषेविषयी. इंग्रजी शब्दाचे सरळ भाषांतर करून 'आंत्ररोध' म्हणावे, तर वैद्यकात तो शब्द आतडे तुंबण्याच्या विकाराला दिलेला आहे. शब्द तोच आणि रोग भलताच असा अनर्थ त्यातून होईल. दुसरीकडे, प्राचीन शब्दात आधुनिक शोध आधीच होता असे म्हणण्याचा मोहही टाळला पाहिजे. चरकाने चिकित्सास्थानात 'ग्रहणी'चे वर्णन केले आहे: ती अपक्व अन्न धरून ठेवते, पक्व झालेले सोडते, आणि दुर्बल झाली म्हणजे अपक्वच सोडून देते. निवड करणाऱ्या अवयवाची ही कल्पना मोठी मार्मिक आहे. परंतु चरकाची गती अन्नमार्गाच्या लांबीला धरून आहे. पारगम्यतेची गती त्या मार्गाच्या भिंतीतून आडवी जाते. दोन्ही एक मानल्यास चरकावरही अन्याय होतो आणि नव्या शास्त्रावरही. तुलनात्मक अभ्यासाची शिस्त साम्य नोंदवून भेद राखण्याची आहे, आणि ती येथेही उपयोगी पडते.

'उंबरठा' हा शब्द पारिभाषिक कोशात जाईल असे नाही. मात्र लोकांसाठी लिहिणाऱ्याने तो वापरला, तर वाचक योग्य प्रश्न विचारील: कोणती शर्करा, किती, कशासोबत, आणि रक्तात आधीपासून किती? 'गळके' या विशेषणापुढे हे चारही प्रश्न उद्भवत नाहीत. भारतीय भाषांत शास्त्र लिहिणाऱ्या आणि भाषांतरित करणाऱ्या मंडळींनी विशेषण निवडताना त्यानंतर येणाऱ्या प्रश्नांचा विचार करावा, एवढीच या विवेचनाची फलश्रुती.